गोदाबाईंच्या रायफलीचा चाप

बंदुका दुरुस्त करायचो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी एक पाऊल मागं सरकतो आणि मग दोन पावलं पुढं येतो. मागं सरकतो तो भीतीनं, आणि पुढं येतो ते विचारायला, की वाघ मारलाय का कधी? वाघ राहू द्या, मी जन्मात ससासुद्धा मारलेला नाही. फौजेत शस्त्रदुरुस्ती शिकलो, पेन्शनीत आल्यावर नांदेडला मोंढ्यामागच्या बोळात करीमचाचांच्या दुकानात काम धरलं, आणि चाचा थकल्यावर दुकानाचा परवाना माझ्या नावावर झाला. भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका, समोर एक बाकडं, त्यामागं मी. गल्लीतले लोक मला लई डेअरिंगबाज समजायचे. मला झुरळाची भीती वाटते हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि तिनं ते कधी बाहेर सांगितलं नाही याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोणतं, तर लोकांना वाटतं नळीचं. नळी म्हणजे शेवटी लोखंडी पाइप. खरं काम चापाचं. चाप म्हणजे बोटानं ओढायची ती वाकडी पट्टी. ती ओढली की आत एक बारीक अडकण सरकते. अडकण सरकली की स्प्रिंगनं ताणून धरलेली सुई सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. एवढंच. पण त्या अडकणीचा काठ खडबडीत असला, तर चाप अडखळत येतो. मग बोट जोर करतं, बोटाचा जोर मनगटात उतरतो, मनगट नळीला ढकलतं आणि डुकरावर धरलेला नेम शेजाऱ्याच्या बाभळीला लागतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, मिस्त्री, नळी वाकडी झालीय. वाकडी नळी म्हणून आलेल्या बंदुकांत खरोखर वाकडी नळी मला क्वचितच सापडली.

करीमचाचा म्हणायचे, "चाप ऐसा रैना, उंगली कू मालूम पडना, नली कू नै पडना." बोटाला कळावं, नळीला कळू नये. माझ्या सगळ्या विद्येचं सार एवढ्यात आलं.

चाप सुधारायचा म्हणजे त्या अडकणीचे काठ तेलाच्या दगडावर अगदी हलक्या हातानं घासून आरशासारखे करायचे. घाईचं काम नाही. काठाचा कोन जरासा बिघडला तर बंदूक नुसती जमिनीवर आपटली तरी उडते, आणि मग मालकाच्या आधी मिस्त्रीला पोलीस शोधतात. म्हणून काम झालं की मी मोकळी बंदूक रबराच्या चकतीवर चांगली आपटून बघायचो, चापाला दोरी बांधून खाली तराजूतली वजनं लटकवायचो, आणि कितव्या वजनाला सुटतो ते बघायचो. गिऱ्हाईकांना वाटतं, जितका हलका तितका चांगला. तसं असतं तर लोकांनी दाराला कड्याच लावल्या नसत्या.

गिऱ्हाईकंही एकेक. धर्माबादचा एक मिरचीचा आडत्या होता. बंदूक दुकानात मिरचीच्या पोत्यांमागं ठेवायचा, आणि चाप ओढायला जड जातो म्हणून घेऊन आला. मी खालची पट्टी उघडून फुंकर मारली मात्र! चाचा, मी, आडत्या, शेजारचा घड्याळवाला, सगळे शिंकून शिंकून बोळात. आत वर्षानुवर्षांची मिरची पूड बसली होती. आडत्या डोळे पुसत अभिमानानं म्हणाला, "माल अस्सल हाय बगा आमचा." भोकरकडच्या एका पाटलांच्या बंदुकीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. दिवाणखान्यात खुंटीवर नळी वर करून टांगलेली, माशीला काय ठाऊक आपण कुणाच्या घरात शिरतोय ते. नशीब, पाटलांनी बार काढायच्या आधी आणली. ती आणली नसती तर पाटील आणि माशी दोघांचंही घर गेलं असतं.

पण सगळ्यात जास्त बंदुका बिघडायच्या त्या भक्तीनं. आपल्याकडं खंडेनवमीला शस्त्रपूजा करतात. बंदूक पाटावर मांडायची, गोडं तेल चोपडायचं, हळदकुंकू वाहायचं. नळीला, दस्त्याला वाहिलं तर काही बिघडत नाही. पण कुठल्याही माणसाची चिमूट सरळ चापाकडं जाते, कारण त्याला वाटतं बंदुकीचं कपाळ तिथंच आहे. कुंकू तेलासोबत आत उतरतं, दरसाली थर चढतो, त्यावर धूळ बसते, आणि दहा-पंधरा खंडेनवम्या झाल्या की आत डिंकासारखा लालभडक गाळ तयार होतो. चाप त्यातून रेडा चिखलातून निघावा तसा येतो. आमचं घर छपन्न साली बौद्ध झालं, खंडेनवमी आम्ही तेव्हाच सोडली. पण दुसऱ्यांच्या पूजेचं कुंकू रॉकेलनं धुण्यात माझी हयात गेली. मी कुणाला कधी बोललो नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि खरं म्हणजे तो लाल गाळ बघून मला राग कधी आलाच नाही.

असाच गाळ गोदाबाईंच्या रायफलीत निघाला.

लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. उस्मानाबादहून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या आणि अजून पोत्यांतच होत्या. जिल्हा झाला आणि मागोमाग पाऊस रुसला. लोक म्हणायचे, जिल्हा आला आन पाणी गेलं. नव्या कचेरीनं सगळ्या परवानेवाल्यांना शस्त्रं तपासून घ्यायला सांगितलं, आणि जवळपास परवान्याचा दुरुस्तीवाला नव्हता म्हणून मला नांदेडहून बोलावलं. कचेरीच्या व्हरांड्यात टेबल टाकून मी बसायचो. समोर बंदूकवाल्यांची रांग, आणि पलीकडं टँकरसाठी अर्ज घेऊन आलेल्यांची त्याहून मोठी रांग.

बंदूकवाल्यांच्या रांगेत एक बाई गोधडीत गुंडाळलेली रायफल कडेवरच्या लेकरासारखी धरून उभ्या होत्या. पन्नाशीपुढच्या, उंच, पायात पुरुषी वहाणा. शिरूर अनंतपाळच्या बाजूचं गाव. शिरूर तेव्हा तालुका झालेलं नव्हतं. रायफल विलायती, सासऱ्यांनी निजामाच्या अमलात घेतलेली. नवरा गेल्यावर पिकाच्या राखणीचा परवाना गोदाबाईंच्या नावावर आलेला. आणि आता त्यांचा चुलत दीर माणिकराव यानं अर्ज केला होता, की बाईच्या हातून नेम लागत नाही, डुकरं मोकाट झालीत, तरी परवाना माझ्या नावे करावा. शस्त्रांचं काम बघणारे साहेब तरुण आणि सरळ होते. ते मला म्हणाले, "मिस्त्री, रायफल तपासा, बाईंना चालवताना प्रत्यक्ष बघा, आणि मला दाखला द्या. मग ठरवू."

मी चाप ओढून बघितला. बोट दुखलं.

"मावशी, या चापावर पैलवानाचासुद्धा नेम लागणार नाही," मी म्हणालो आणि तिथंच खालची पट्टी उघडली. आत लाल गाळ. बोटावर घेऊन त्यांना दाखवला.

त्या बघतच राहिल्या. "हे तर कुक्कू हाय."

"खंडेनवमीचं. कोण लावतं?"

"मीच की. मालक व्हते तवापासून." गोधडीची घडी करत म्हणाल्या, "त्ये गेल्यावर माज्या कपाळाचं गेलं. हिचं तेवढं ऱ्हाऊ दिलं."

मी गाळ कापडाला पुसला. मग त्याच म्हणाल्या, "देवाला वाह्यलेलं देवाला पोचतंय, आन हिला वाह्यलेलं हिच्या पोटातच बसतंय व्हय? धुवा, मिस्त्री. समदं धुवा."

त्या का इतक्या निकरानं म्हणाल्या ते त्यांनीच सांगितलं. गावात सगळ्या विहिरी आटलेल्या, पाणी होतं ते फक्त यांच्या विहिरीला. त्या पाण्यावर त्यांनी स्वतःचं पीक घेतलं नव्हतं. मका आणि चाऱ्यासाठी कडवळ पेरलं होतं, आणि ज्याच्या दारात जनावर आहे त्या प्रत्येक घराला रोज एक पेंढी. कुणालाही कमी नाही, कुणालाही जास्त नाही. आणि त्याच एका हिरव्या तुकड्यावर रानडुकरांचा कळप तुटून पडत होता. "रायफल गेली की राखणीच्या नावानं मळ्यावर माणिकराव बसणार," त्या म्हणाल्या, "आन मळ्यावर जो बसला त्यो इहिरीवर बसणार. मग पेंडी कुनाला द्यायची आन कुनाला न्हाई, त्ये त्यो ठरीवणार."

रायफल मी नांदेडला नेली. ते काम मी मन लावून केलं. धुतली, अडकणीचे काठ दगडावर घासले, आणि वर जरा हुशारी केली. या जातीच्या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा मोकळा, बोट सहज मागं येतं आणि एका जागी अडतं. तिथून पुढं जरासा जोर दिला की बार. बऱ्याच शिकाऱ्यांना तो पहिला टप्पा फुकटची ओढ वाटते. मी आत एक बारीक स्क्रू बसवून तो टप्पाच काढून टाकला. आता बोट टेकवलं की सुई सुटत होती, गुळगुळीत. चाचांना दुकानात बोलावून दाखवलं. म्हातारा खूश झाला.

गोदाबाई न्यायला आल्या. रिकामी रायफल खांद्याला लावून त्यांनी चाप ओढला. पुन्हा ओढला. मग रायफल बाकड्यावर ठेवली.

"हितं थांबायला जागा हुती, ती कुठं गेली?"

"काढली ती, मावशी. उगाच लांब ओढ होती. आता बोट लावलं की सुटतंय."

"त्येच म्हनते मी. बोट लावलं की सुटतंय." त्यांनी चापावर बोट ठेवून दाखवलं. "मक्यात निस्तं हालताना दिसतंय, मिस्त्री. डुक्कर आसतंय, कुनाचं वासरू आसतंय, कवा मानूसबी आसतंय. बोट लावून बसावं लागतंय आन बगत ऱ्हावं लागतंय. मला ती जागा माघारी द्या."

मी हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. इतकं सुरेख काम कुणी नाकारलं नव्हतं. पण स्क्रू काढला. त्यांनी पुन्हा खांद्याला लावली. बोट मागं आलं, थांबलं. त्यांनी एक श्वास सोडला, आणि मग सुईचा स्वच्छ टक आवाज आला. नळी केसभर हलली नाही.

"हां. आता ही माजी हाय," त्या म्हणाल्या.

फौजेत आणि बाहेर मिळून मी किती नेमबाज बघितले असतील. चांगल्या चापाची परीक्षा बहुतेक जण तो किती लवकर सुटतो यावर करतात. तो कुठं थांबतो हे बघणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या बाईला सलाम केला, आणि पुढं जे बघितलं त्यानंतर तो सलाम खाली आलाच नाही.

दाखल्यासाठी मी त्यांच्या गावी गेलो. दिवस मावळायच्या आत बांधावर एक फुटकं मडकं ठेवलं. पहिल्या गोळीत मडक्याच्या ठिकऱ्या. जेवायला त्यांनी चुलीपुढं स्वतःच्या पाटाशेजारी माझा पाट मांडला. आडनावावरून त्यांना सगळं कळलेलंच होतं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तांब्याभर पाणी. त्या सालात त्या गावात तांब्याभर पाणी म्हणजे पंगत होती. त्या घरचं ते जेवण मी विसरू शकत नाही.

फटफटताना आम्ही दोघं मळ्यातल्या मचाणावर होतो. ओढ्याच्या अंगानं गावचे पाच-सहा जण डबे घेऊन उभे होते. मका हलली की डबे बडवायचे आणि डुक्कर मचाणाकडं काढायचं, अशी रीत. माणिकराव त्या लोकांत नव्हता. कुणी म्हणालं, त्याला ताप आलाय.

उजेड नुकता फुटत होता, आणि मका हलली. आमच्यापासून दगड टाकायच्या अंतरावर. डबे वाजले, ओरडा उठला, "डुक्कर! बाई, हाना! हाना!" गोदाबाईंची रायफल खांद्याला गेली. मी मक्याकडं बघितलंच नाही. धंद्याची खोड; माझी नजर त्यांच्या बोटावर. बोट मागं आलं आणि त्या जागी थांबलं. पलीकडून सगळा गाव ओरडतोय, आणि बोट तिथंच. मग ते बोट हळूच पुढं गेलं आणि चापावरून बाहेर निघालं.

तेव्हा मी मक्यात बघितलं. दोन ताटांच्या मधे एक माणूस गुडघ्यावर बसलेला, हातात विळा, काखेत कापलेल्या मक्याचा भारा. मान वर करून रायफलीच्या नळीत बघत होता. माणिकराव.

गोदाबाई मचाणावर उभ्या राहिल्या आणि ओढ्याकडं तोंड करून ओरडल्या, "गेलं रं, गेलं! पल्याडल्या अंगानं पळालं! तकडं जावा!" सगळे डबे बडवत पलीकडं धावले. माणिकराव भारा तिथंच टाकून बांधावरून उतरून गेला.

"मिस्त्री, काय दिसलं तुमास्नी?" त्या म्हणाल्या.

"मावशी, तो तुमचा..."

"मका दिसली तुमास्नी." रायफल मोकळी करत त्या खाली बसल्या. "त्येच्या बैलाच्या फासळ्या बगितल्यात का? एका पेंडीत भागत नसंल. दिराला वैनीपुढं हात पसरायची लाज वाटली आसंल. मागितली आसती तर माज्या गाईची दिली आसती मी. चारा चोरला म्हनून ह्या सालात नाव निघालं तर त्ये मरेस्तवर जात न्हाई. डुक्कर काय, उद्याबी येतंय."

खाली उतरलो तर लोक हसत होते. फुटभर पुढं डुक्कर, आणि बाईचं बोट गारठलं, असं दुपारपर्यंत गावभर झालं. गोदाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्या टाकलेल्या भाऱ्याच्या पेंढ्या करून त्यांनी त्या दिवशीच्या वाटपात घातल्या.

दुसऱ्याच दिवशी लातूरला तारीख होती. मी रात्री नीट झोपलो नाही. खरं सांगितलं तर बाईंची रायफल राहणार, आणि माणिकराव गावातून उठणार. नाही सांगितलं तर रायफल जाणार, मळा जाणार, विहीर जाणार. सकाळी एसटीत त्यांना विचारलं, "मावशी, बोलू का मी?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमी रायफलीचं बोला. मानसाचं मी बगते."

साहेबांनी माझा दाखला वाचला. रायफल दुरुस्त, चाप योग्य, परवानाधारकाचा नेम उत्तम. मग गावच्या पोलीस पाटलाचा जबाब झाला. तोही डबे बडवणाऱ्यांत होता, माणूस वाईट नव्हता, त्याला वाटलं तेच त्यानं सांगितलं: डुक्कर समोर होतं, सगळे ओरडले, बाईंनी गोळी झाडली नाही.

"मिस्त्री, तुम्ही शेजारी होतात. डुक्कर होतं का?" साहेबांनी विचारलं.

गोदाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "साहेब, माझं सगळं ध्यान बोटावर होतं," मी म्हणालो. "बोट बरोबर जागी होतं."

साहेबांना ते पटलं नसावं. ते बाईंकडं वळले. "मग गोळी का नाही झाडली, बाई? रायफल चांगली, नेम चांगला. उद्याही असंच झालं तर पीक कोण राखणार?"

"नेम बसला न्हाई, साहेब," गोदाबाई म्हणाल्या.

"आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कागद पुढं ओढला. माणिकराव भिंतीशी उभा होता, अर्जदार म्हणून, धुतलेलं धोतर, हातात टोपी. सकाळपासून त्यानं वहिनीकडं एकदाही बघितलं नव्हतं. साहेबांनी लेखणी टेकवली तसा तो पुढं आला आणि टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला.

"लिवू नगा साहेब," तो म्हणाला. "काल सकाळचं त्ये डुक्कर मी हुतो. वैनीचं बोट चापावर हुतं, मी सोताच्या डोळ्यानं बगितलं. माजा अर्ज माघारी द्या."